हळद उतरू न देणारं सॉफ्टवेअर

लग्नाचे फोटो हल्ली एआय एडिट करतंय म्हणे, चाकणकडे जाऊन बघा, एवढंच संपादकांचं सांगणं होतं. पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या ज्या स्टुडिओत मी जाऊन बसलो, तिथे एआयचा विषय चहा येईपर्यंत संपला. मालकांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी होतं: डार्कटेबल नावाचं फुकट मिळणारं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर, आणि लग्नसराईच्या तोंडावर ते चालवून बघायचा हट्ट धरून बसलेला त्यांचा एडिटर.

स्टुडिओ तसा साधा. पुढे पासपोर्ट फोटोसाठी पांढरा पडदा, मागे प्लायवुडच्या आडोशाला कॉम्प्युटर. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून गर्दीही गुरुवारी: कंत्राटी भरतीचे फोटो, स्थळासाठी मुलाचा फोटो, गावाकडे पाठवायला बायकामुलांसोबतचा एक. वीज कंपनीचं देखभालीचं कामही गुरुवारीच निघतं, त्यामुळे गिऱ्हाईक दारात आणि लाइट गेलेली, हा योग ठरलेलाच. एडिटर मूळचा बीडकडचा. आयटीआय करून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका व्हेंडरकडे सीएनसी मशीनवर लागला. फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी जाऊन जेवतो आणि इथे येऊन बसतो. फोटोग्राफी तो शिकलेला नाही; त्याचं बोट मात्र आकड्यांवर बसलेलं आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. फोटोशॉप 1990 चं, थॉमस आणि जॉन नोल या भावांचं. लग्नाचे हजारो फोटो एका दमात हाताळायची सोय झाली ती 2007 मध्ये लाइटरूम आलं तेव्हा. 2013 पासून अ‍ॅडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त मासिक भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि 2015 चं लाइटरूम 6 हे एकरकमी विकत मिळालेलं शेवटचं ठरलं. छोट्या स्टुडिओंत क्रॅक केलेल्या कॉप्या पेन ड्राइव्हमधून फिरायच्या, अजूनही फिरतात. ते इथे कुणी लपवतही नाही. डार्कटेबल 2009 मध्ये योहानेस हानिका यांनी सुरू केलं, पण विंडोजवर यायला त्याला 2017 चा डिसेंबर उजाडला. आपल्याकडच्या फोटोग्राफरांना ते दिसायला उशीर झाला तो त्यामुळेच.

या एडिटर पोराने डार्कटेबल पहिल्या बैठकीत कसं पचवलं, हे मला कोडंच होतं. पडद्यावर पन्नासेक मॉड्यूल, प्रत्येकात सरकपट्ट्या आणि आकडे. मालक तर बघूनच उठले होते. पण त्याने आपला हिशेब लावला. कॅमेऱ्याची रॉ फाइल म्हणजे कास्टिंग, आणि शेजारी तयार होणारी एक्सएमपी फाइल म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम आणि त्यातले ऑफसेट. ‘‘फरक एवढाच सर, तिथे टूल लागलं की माल गेला. इथे कास्टिंगला हातच लागत नाही, हजार वेळा ऑफसेट बदला.’’

त्याने मला दाखवायला मुद्दाम हळदीचे फोटो उघडले. हळदीच्या कार्यक्रमात पिवळं काय काय असतं: नवरीची साडी, झेंडूच्या माळा, मागचा पडदा, करवल्यांचे ड्रेस, वर मंडपाच्या कापडातून झिरपणारं ऊन. कॅमेऱ्यातल्या ऑटो व्हाइट बॅलन्सचा जुना, सोपा हिशेब असा की चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडीच्या जवळपास यायला हवी. एवढं पिवळं दिसलं की त्याला उजेडच पिवळा वाटतो आणि तो निळं वाढवत सुटतो. नवऱ्याचा झब्बा निळसर पडतो आणि नवरी चार दिवस तापाने पडून उठल्यासारखी दिसते.

दुखणं त्याहून खोल आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार चौकोनांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा, ही कोडॅकच्या ब्राइस बायर यांची 1976 च्या पेटंटमधली रचना. हळद निळा प्रकाश गिळते, लाल आणि हिरवा परत पाठवते. त्यामुळे हळद माखलेल्या गालावर निळ्या चौकोनाच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही, आणि उन्हात लाल चौकोन मात्र काठोकाठ भरतो. हळदीचा ओलेपणा, बोटांचे ओरखडे, कानाजवळ वाळून पडलेल्या बारीक भेगा, सगळं पुसून एकसलग पिवळा डाग उरतो. निमगाव दावडीच्या खंडोबाला उधळलेल्या भंडाऱ्याचंही फोटोत तेच होतं.

डार्कटेबलमध्ये ‘कलर कॅलिब्रेशन’ नावाचं मॉड्यूल आहे, उजेडाचा रंग वेगळा काढणारं. त्याला चित्रातली एक रंगहीन जागा दाखवावी लागते. मी हळदीच्या स्टीलच्या वाटीकडे बोट केलं. तो हसला. स्टील चकचकीत, त्यात सगळा मंडप पिवळाच दिसणार. त्याने चौकोन ओढला तो पाटाभोवतीच्या पांढऱ्या रांगोळीवर, तीही सावलीतल्या. झब्बा पांढरा झाला, साडी मात्र पिवळीच राहिली. मग त्याने फक्त पिवळ्या रंगापुरता मास्क लावून रंगाचा भडकपणा थोडा उतरवला, ‘फिल्मिक’ मॉड्यूलमध्ये वरच्या टोकाचा उजेड दाबला आणि गालावर बोटांचे ओरखडे परत आले. जो लाल भरून वाहून गेलेला असतो तो कुणालाच परत आणता येत नाही. पण जे शिल्लक होतं ते डार्कटेबलने फेकलं नव्हतं. मला हे सॉफ्टवेअर आवडलं ते इथे. ते स्वतः काही ठरवत नाही, रांगोळी कुठे आहे ते तुम्हाला विचारतं.

मालकांचं म्हणणं मात्र वेगळं, आणि ते खोटं नाही. एका फोटोला एवढा वेळ, तर एका लग्नाचं काय? एक फोटो नीट बसवून त्याच्या सेटिंग बाकीच्यांवर चिकटवता येतात, पण मंडपात दर तासाला ऊन सरकतं. कॉम्प्युटर जुना, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि अख्खं लग्न एक्सपोर्टला लावलं की रात्र जाते. मध्येच लाइट गेली की सकाळी उरलेलं पुन्हा. लाइटरूममधली जुनी कामं इकडे आणली तर क्रॉप आणि काही थोड्या सेटिंग येतात, बाकी मेहनत तिकडेच राहते.

आणि मुख्य अडचण अल्बमची. डार्कटेबलमध्ये पान जुळवता येत नाही; ते त्याचं कामच नाही. अल्बमचं पान 12 बाय 36 इंचाचं, आणि त्याची तयार टेम्प्लेट्स सगळी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइल. ‘शुभविवाह’पासून मामा-मामींच्या नावांपर्यंतचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये. जिंप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड देवनागरी नीट उमटते, पण पीएसडीतले इफेक्ट तिथे जसेच्या तसे येतीलच असं नाही. डिझायनर बसतो भोसरीत, चार-पाच स्टुडिओंची कामं त्याच्याकडे. त्याला जेपीजी हवेत, संध्याकाळपर्यंत हवेत, आणि पानं तो फोटोशॉपमध्येच लावणार. म्हणजे डिझायनर बदलत नाही तोवर फोटोशॉपचं भाडं या ना त्या वाटेने मालकांच्याच बिलात येणार.

गिऱ्हाइकाला तरी ओरखडे हवे आहेत का? नवरीकडच्यांची मागणी बहुधा एकच: जरा उजळ करा. मोबाइलमधलं फिल्टर ते क्षणात करतं, हळदीसकट. माझ्यासमोरच एका मावशींनी ‘चेहऱ्यावरचं ते पिवळं काढा की’ असं सांगितलं. एडिटरने त्यांना दोन्ही प्रती दाखवल्या. त्यांनी उजळ पसंत केली, आणि नवरीने मागून हळूच दुसरीही मागून घेतली.

सध्या हळद आणि भंडारा डार्कटेबलमध्ये, बाकी सगळं पूर्वीसारखंच, असा तह झाला आहे. या जास्तीच्या कामाचे पैसे गिऱ्हाइकाकडे कसे मागायचे, यावर मालक आणि एडिटरचं अजून जमलेलं नाही. मालक म्हणतात पॅकेजमध्ये धरू. तो म्हणतो, शिफ्टनंतरचे तास कुणाच्या पॅकेजमध्ये धरायचे?