आयर्विनला किती फूट?

जुलै संपत आला की सांगलीतल्या प्रत्येक कॉलेज ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: ‘आयर्विनला किती?’ बाहेरगावाहून शिकायला आलेल्यांना आधी कळतच नाही. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा 1929 चा पूल, आणि ‘किती’ म्हणजे पुलाजवळच्या मोजपट्टीवर पाणी किती फुटांवर आहे. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2005 मध्ये हा आकडा 54 च्या आसपास गेला होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये साडेसत्तावन्नपर्यंत गेला आणि अर्धी सांगली पाण्यात बसली. तेव्हा आपल्यातले बरेच जण शाळेत होते. गच्चीवरून बोटी बघितलेल्या कोणाला विचारा, आकडे तोंडपाठ असतात.

पण याच जिल्ह्यात जतचा मुलगा हॉस्टेलवर राहायला येतो आणि त्याला हे सगळं परक्या देशातलं वाटतं. त्याच्या गावात पाण्याचा आकडा टँकरच्या खेपांमध्ये मोजतात.

एकाच नदीच्या खोऱ्यात हे दोघं कसे काय? त्यासाठी वर, महाबळेश्वरला जावं लागतं. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. पिकनिकला गेलेले आपण गोमुखाजवळ फोटो काढतो आणि स्ट्रॉबेरी क्रीम खायला पळतो. खरी गंमत मात्र पुढे आहे. तिथून अरबी समुद्र जेमतेम 64 किलोमीटर. सावित्री शहाण्यासारखी पश्चिमेला उतरते आणि कोकणातून समुद्राला मिळते. कृष्णा समुद्राकडे पाठ फिरवते आणि जवळपास 1400 किलोमीटर चालत पार आंध्रात बंगालच्या उपसागराला जाते. सह्याद्रीचा उतारच पूर्वेला आहे, तिचा नाइलाज आहे.

तोच सह्याद्री पावसाचंही वाटप करतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला माण, खटाव, पुढे आटपाडी, जत. तिथे पाचशे पडला तर वर्ष बरं गेलं म्हणतात. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात काळी जमीन, ऊस, हळद, भरताची वांगी आणि इतिहासाची गर्दी. वाईचे घाट, माहुलीचा संगम, कराडचा प्रीतिसंगम. कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भिडतात, नकाशात बघा, इंग्रजी ‘टी’ दिसतो. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे, आणि आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘कृष्णाकाठ’. पण त्यांचा जन्म देवराष्ट्रेचा, म्हणजे आज सांगली जिल्ह्यात. तेव्हा हा सगळा एकच सातारा होता. नाना पाटलांचं प्रतिसरकारही याच जुन्या साताऱ्यातलं. दक्षिण सातारा 1949 मध्ये वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. जिल्हे दोन झाले, नदी काही वाटली गेली नाही.

कोयनेचं मात्र आपण उलटंच केलं. तिच्यावर धरण बांधलं, साठा 105 टीएमसी, आणि त्यातलं वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात सोडायची सोय केली. उंचावरून पाडलेल्या या पाण्यावर सुमारे 1960 मेगावॅट वीज तयार होऊ शकते. मग ते पाणी वाशिष्ठीतून थेट अरबी समुद्रात. वीज लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण इकडे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांमध्ये कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून दुष्काळी तालुक्यांना द्यावं लागतं, आणि वीजबिल थकलं की पंप बंद. एकीकडे पाणी पाडून वीज करायची, दुसरीकडे वीज जाळून पाणी चढवायचं. मला हे गणित अजून पचलेलं नाही.

बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला कृष्णेचं 560 टीएमसी पाणी दिलं. कागदावर मिळालेलं पाणी शिवारात आपोआप येत नाही. 1990 च्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांना घेऊन पाणी संघर्ष चळवळ उभी केली, आटपाडीत परिषदा भरवल्या. नागनाथअण्णा प्रतिसरकारच्या लढ्यातले. जतच्या सीमेवरच्या गावांनी तर 2012 मध्ये थेट सांगितलं: पाणी द्या, नाहीतर कर्नाटकात जातो. 2022 मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तो जुना ठराव उकरून काढला आणि चॅनेलवर सीमावाद पेटला. त्यानंतर विस्तारित म्हैसाळ योजनेला एकदम वेग आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो वाद भाषेचा होता असं अनेकांना वाटलं. गावांचं मागणं पाण्याचं होतं.

माझ्या मते या खोऱ्यातली सगळ्यात भारी गोष्ट मात्र येरळेवरची आहे. येरळा खटावात उगम पावते, खानापूर तालुक्यातून खाली येते. वर्षातले बरेच महिने तिच्यात नुसती वाळू. 1980 च्या दशकात दुष्काळ पडला होता, मुंबईतल्या गिरण्यांच्या संपामुळे कामगार गावी परतले होते, आणि नदीतली वाळू ठेकेदार ट्रकने उपसून नेत होते. वाळू गेली की पात्राचं पाणी धरणंही संपतं, विहिरी आटतात. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ठेकेदारांना विरोध केला आणि एक अजब मागणी केली: वाळू थोडी आम्हीच विकू, त्या पैशातून आम्हीच धरण बांधू. सरकारी खाती आधी ऐकेनात. मोर्चे निघाले, अर्जविनंत्या झाल्या, शेवटी परवानगी मिळाली. के. आर. दाते यांच्यासारखे इंजिनिअर मदतीला आले, लोकांनी श्रमदान केलं आणि ‘बळीराजा स्मृती धरण’ उभं राहिलं.

धरण छोटंच आहे, कोयनेपुढे तर काहीच नाही. पण पाण्याचा नियम बघा. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, ही पद्धत त्यांनी नाकारली. पाणी कुटुंबागणिक समान, आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही वाटा. त्याच खोऱ्यात खाली उसाला इतकं पाणी पाजलं गेलं की वाळवा, पलूस, मिरज भागात हजारो एकर जमीन क्षारपड झाली, पांढरी पडली. तेव्हा ‘पाणी कमी आहे’ हे वाक्य कोणी म्हटलं की विचारावं, कोणाला?

खाली पुराचंही एक गणित आहे. कराडनंतर नदी सपाटीवर येते, नागमोडी वळणं घेत संथ होते. हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. तिन्ही एकदम भरल्या की एकीचा फुगवटा दुसरीला मागे ढकलतो आणि पाणी उतरायचं नाव घेत नाही. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायची पद्धत होती. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळद गेली.

आणि येरळा कृष्णेला कुठे मिळते? पलूस तालुक्यात, ब्रह्मनाळला. वर जिच्या पात्रात थेंब साठवायला लोकांनी वाळू विकून धरण बांधलं, तीच नदी. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळमध्ये पुरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढताना बोट उलटली. डझनाहून जास्त माणसं बुडाली. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती.