पलटणची पोरं आणि लिलावाचा भाव

पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची अंतिम लढत हरली ती अवघ्या तीन गुणांनी. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर दबंग दिल्लीने ३१-२८ अशी बाजी मारली. साखळी फेरीअखेर दोन्ही संघांचे गुण सारखेच, २६. गुणफरकाच्या जोरावर पलटण वर होती. नवव्या हंगामात उपविजेतेपद, दहाव्यात विजेतेपद, बाराव्यात पुन्हा उपविजेतेपद, म्हणजे चार हंगामांत तीन अंतिम सामने. या काळात संघाचे प्रशिक्षक बदलले, बी. सी. रमेश गेले आणि अजय ठाकूर आले. कोटींची बोली लागलेले दोन इराणी बचावपटूही आले आणि गेले. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन ही नावं मात्र हललेली नाहीत. पुढच्या लिलावाआधी कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं याचा खल आता सुरू होईल. त्या खलात ही न हललेली नावं सगळ्यात महत्त्वाची आहेत.

लिलाव म्हटला की चर्चा फक्त सर्वांत मोठ्या आकड्याची होते. खरा खेळ थैलीचा आहे. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ५ कोटी रुपयांची मर्यादा असते आणि त्यात किमान १८ गडी बसवावे लागतात. राखून ठेवलेल्या खेळाडूंचं मानधनही याच थैलीतून वजा होतं. लिलावात मूळ बोली ‘अ’ गटाला ३० लाखांपासून, ‘ब’ गटाला २० लाखांपासून, तर ‘क’ आणि ‘ड’ गटांना १३ आणि ९ लाखांपासून सुरू होते. एकावर दोन-सव्वादोन कोटी उधळले, तर उरलेल्या सतरा जणांचं काय करायचं, हा हिशेब हातातली पाटी वर करण्याआधीच झालेला असावा लागतो. तो तसा नेहमी होत नाही, हे दर हंगामात दिसतं.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये संघ दोन होतकरू पोरं समोरच्याला देतो आणि त्यांच्या बदल्यात तयार खेळाडू उचलतो. तिथे होतकरू पोरगा हेच चलन. कबड्डीत असा थेट सौदा तुरळक होतो. संघ खेळाडूला सोडतो, तो लिलावात उभा राहतो आणि दुसरा संघ पैसे मोजून त्याला नेतो. जुन्या संघाला आपला गडी परत हवा असेल, तर ‘फायनल बिड मॅच’ कार्ड वापरून तेवढीच रक्कम मोजावी लागते. त्यामुळे घरी घडवलेल्या मुलाची किंमत त्याला विकून वसूल होत नाही. तो स्वस्तात खेळतो तेवढ्या दोन-तीन वर्षांतच ती वसूल करून घ्यावी लागते.

पलटणला हे उमगायला सात हंगाम लागले. सुरुवातीला हा संघही मोठ्या नावांच्याच मागे होता. नितीन तोमरला सहाव्या हंगामात १.१५ कोटी मोजले, सातव्यात १.२० कोटी. सातव्या हंगामात संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. आठवा हंगाम करोनामुळे बंगळूरुच्या एका हॉटेलात प्रेक्षकांविना झाला. तेव्हा संघात तोमरच्या जोडीला राहुल चौधरीही होता. चढाईचा भार मात्र पदार्पण करणाऱ्या अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोघांनी उचलला. एक अहिल्यानगर जिल्ह्यातला, दुसरा हरियाणाचा. संघाने बाद फेरी गाठली. त्यानंतर पलटणने चढाईसाठी कोटीची बोली लावण्याचा नाद बराच काळ सोडला.

मोहम्मदरेझा शादलूचं प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे, कारण त्यातून दोन विरुद्ध धडे काढले जातात. ऑक्टोबर २०२३च्या लिलावात पलटणने या इराणी बचावपटूसाठी २.३५ कोटी मोजले. म्हणजे थैलीचा ४७ टक्के भाग एका माणसावर गेला. त्या हंगामात त्याने पकडींचे ९९ गुण मिळवले, संघ ९६ गुणांसह साखळीत अव्वल राहिला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेता झाला. पैसे टाका आणि करंडक उचला, असा अर्थ अनेकांनी काढला.

हा अर्थ अपुरा आहे. अर्धी थैली एका कोपऱ्यावर रिती करता आली, कारण बाकीचा संघ स्वस्त होता. अस्लम, मोहित, पंकज, आकाश शिंदे, अबिनेश, गौरव ही मुलं तेव्हा लिलावाच्या भावाने नव्हे, राखून ठेवलेल्या तरुणांच्या दराने खेळत होती. अंतिम सामन्यात पंकज मोहितेची एका चढाईत चार गुण आणणारी अव्वल चढाई निर्णायक ठरली. त्याच अस्लमने आणि आकाशने काही महिने आधी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून सुवर्णपदक मिळवलं होतं. शादलूच्या किमतीतला मोठा हिस्सा या पोरांनी आपल्या कमी मानधनातून भरला, असं म्हणायला हरकत नाही.

पोरं मोठी झाली, त्यांचे दर चढले आणि शादलूसाठी जागा उरली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तो २.०७ कोटींना हरियाणाकडे गेला आणि तिथेही विजेता ठरला. पलटणचा हंगाम वाईट गेला, अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच बाहेर पडला आणि गतविजेता संघ बाद फेरीआधीच घरी परतला. शादलूला सोडलं हीच चूक, असा गलका तेव्हा झाला. पुढच्या लिलावात गुजरात जायंट्सने त्याला २.२३ कोटींना घेतलं, बंगाल वॉरियर्सने देवांक दलालला २.२०५ कोटींना. हंगामातले हे दोन सर्वांत महाग खेळाडू आणि दोघांचेही संघ पहिल्या आठातही नाहीत. देवांकने चढाईत तीनशेहून अधिक गुण मिळवले, तरीही. दोन कोटींचा गडी करंडक आणतो हे सूत्र एका वर्षात मोडीत निघालं.

शादलू दोन कोटींना का जातो, हे त्याच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं की कळतं. बोनस मिळवायला चढाईपटूला एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकावा लागतो आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत असावा लागतो. तो अर्धा क्षण ही कोपरारक्षकाची रोजीरोटी. शादलू आधी मागे सरकतो, जणू बोनस देऊनच टाकला. पाय टेकतो न टेकतो तोच दोन्ही हात घोट्याला भिडतात आणि अंगाचं सगळं वजन जमिनीकडे जातं. शेजारचा मध्यरक्षक तोवर धावून येतो आणि साखळी मिटते. हे शिकवता येतं. शिकवता येत नाही ते पुढचं. फसलेल्या पकडीनंतर पुढच्याच चढाईला तो पुन्हा तेवढाच आत घुसतो. पैसे त्या निलाजरेपणाचे आहेत.

या सौदेबाजीचा महाराष्ट्रातला जुना दाखला सिद्धार्थ देसाईचा. चंदगड तालुक्यातल्या या चढाईपटूला यू मुम्बाने सहाव्या हंगामात ३६.४ लाखांना घेतलं आणि त्याने पदार्पणातच दोनशेहून अधिक गुण लुटले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजून त्याला नेलं. टायटन्स बाद फेरीला मुकले आणि सिद्धार्थविना खेळलेली यू मुम्बा उपांत्य फेरीपर्यंत गेली. एका हंगामाच्या कामगिरीवर दिलेला भाव हा मागच्या वर्षीच्या पावसावर केलेल्या पेरणीसारखा असतो. सचिन तंवरचंच पाहा. अकराव्या हंगामातला २.१५ कोटींचा हा चढाईपटू वर्षभरात १.०५८ कोटींवर आला. त्याला घेणारा संघ होता पुणेरी पलटणच. जुना नाद पुरता सुटलेला नाही, तो असा. आणि गंमत म्हणजे बाद फेरीत पलटणची चढाई वाहिली ती आदित्य शिंदे या संघातच पुढे आलेल्या मुलाने. तेलुगू टायटन्सविरुद्ध त्याने एकट्याने वीसहून अधिक गुण मिळवले आणि अंतिम सामन्यातही दहाचा आकडा गाठला.

दुसरी बाजूही आहे. दबंग दिल्लीने आपल्या आशू मलिकला १.९० कोटी मोजून राखलं आणि करंडक जिंकला. पण तो विकत आणलेला नव्हता, त्यांच्याकडेच वाढलेला होता. अंतिम सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात पलटणला नडली ती मात्र फजल अत्राचलीची पकड. हाच फजल नवव्या हंगामात १.३८ कोटींचा पलटणचा कर्णधार होता. उताराला लागलेल्या वयातला, उतरलेल्या भावात मिळणारा जाणता बचावपटू पोरांच्या मध्ये उभा करणं हा खरा शहाणपणाचा सौदा. तो दिल्लीने केला आणि पुण्याने केला नाही.

पोरं येतात कुठून, हा प्रश्न हिंगोलीत विचारला की त्याला वेगळंच वळण लागतं. पलटणची ठळक मराठी नावं अहिल्यानगर, नाशिक, मुंबई या पट्ट्यातली. मराठवाड्याचं नाव शोधावं लागतं. खेळ नाही म्हणून असं झालेलं नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव या पाचही तालुक्यांत जयंती-यात्रेला सामने ठरलेले असतात. काळ्या मातीच्या भेगा बुजवून, पाणी मारून, रोलर फिरवून अंगण तयार होतं आणि फक्कीने रेषा आखल्या जातात. अडचण तिथेच सुरू होते. लीग खेळली जाते मॅटवर, बूट घालून. मातीवर अनवाणी चढाई करणारा मुलगा पाय घसरवत वळतो. मॅटवर पाय घसरत नाही, तो रुततो. घोट्याची पकड मॅटवर जास्त घट्ट बसते. निवड चाचणीत पहिल्यांदाच मॅटवर उतरलेला मुलगा पहिल्या दहा मिनिटांत नवखा दिसतो आणि निवडणाऱ्याला तेवढीच मिनिटं पुरतात.

त्याआधी काटा असतो. कुमार गटाची मर्यादा ७० किलो, वरिष्ठ पुरुषांची ८५. जिल्हा चाचणीच्या सकाळी शाळेच्या मैदानाला घामेघूम चकरा मारणारी, स्वेटरवर रेनकोट चढवलेली मुलं दिसली की समजावं, काटा सत्तरच्या वर दोनशे-तीनशे ग्रॅम दाखवतो आहे. आदल्या रात्रीपासून पाणी बंद. बनियनही काढून काट्यावर उभं राहायचं, आकडा बसला की तिथेच केळं आणि ग्लुकोजचं पाणी, आणि तासाभरात सामना. मांड्यांत ताकद राहत नाही, आणि पाहणारा म्हणतो, पोरगं दमात कमी आहे.

हिंगोलीची आणखी एक अडचण नकाशाची. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्र राज्य कबड्डी संघटनेच्या छत्राखाली येतो. पैनगंगा ओलांडली की वाशिम आणि यवतमाळ. तिथे विदर्भाची स्वतंत्र संघटना, तिचा राष्ट्रीय स्पर्धेतला स्वतंत्र संघ. सेनगावच्या मुलाला राज्याच्या संघात जायला मुंबई, पुणे, कोल्हापूर, रायगडच्या तयार गड्यांशी झुंजावं लागतं. नदीपलीकडच्या रिसोडच्या मुलापुढची रांग त्या मानाने छोटी. दोघांची माती एकच, सोयाबीन-हळदीचं शिवार एकच.

आणि मग पोटाचा प्रश्न. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. पहाटे धावायला निघालेल्या मुलांच्या डोळ्यासमोर वर्दी असते, लिलाव नसतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि राज्य स्पर्धेतल्या पदकाचं प्रमाणपत्र त्या दाराची किल्ली आहे. लीगमध्ये ‘ड’ गटातला नवखा कदाचित वर्षभर बाकावर बसेल, गुडघा गेला तर पुढच्या वर्षी त्याचं नाव पुकारलंही जाणार नाही. प्रमाणपत्राला दुखापत होत नाही. गावाकडचा बाप लेकाला वर्दीची वाट दाखवतो, त्यात व्यवहार आहे.

लीगचे संघ लिलावाबाहेरही ‘नवे युवा खेळाडू’ म्हणून होतकरू मुलं थेट करारावर घेतात. पलटणने त्यासाठी ‘युवा पलटण’ नावाने स्वतंत्र फळी बांधली, मुलांना एकत्र ठेवून वर्षभर मॅटवर सराव दिला आणि आहाराकडे लक्ष पुरवलं. आजच्या संघाचा कणा या सवयीतून आला. अशा फळीत शिरायचा रस्ता राज्य स्पर्धांमधून जातो. तिथे जिल्हा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हरला, तर त्याचा सर्वोत्तम चढाईपटू दोन सामन्यांपुरताच दिसतो. मराठवाड्यात मॅटवरची एक खुली चाचणी, वजनानंतर एक दिवसाची उसंत देऊन, घेतली तर तिचा खर्च ‘ड’ गटातल्या एका गड्याच्या ९ लाखांतही सहज भागेल. २.३५ कोटींची पाटी वर करणाऱ्या संघाला हा खर्च परवडतो.

तूर्त पलटणपुढचा निर्णय आदित्य शिंदे आणि त्याच्या वयाच्या मुलांचा आहे. त्यांचे दर चढायच्या आत त्यांच्या मध्ये एक जाणता बचावपटू बसवायचा, की पुन्हा एखाद्या दोन कोटींच्या नावासाठी अस्लम-मोहितपैकी कोणाला मोकळं करायचं. दोन्ही गोष्टी एका थैलीत बसणार नाहीत.