हुमणीचे भुंगेरे : गावोगावी एकाच संध्याकाळी



वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की दिवेलागणीला कडुनिंब, बाभूळ, बोरीवर तपकिरी भुंगेरे घोंगावू लागतात. महाळुंगे पडवळला दिसतात, तसे मंचर-कळंबकडेही दिसतात. मग लोक म्हणतात, "ते तिकडूनच आले." खरे तर बहुतेक भुंगेरे आपल्याच मातीतले असतात.

मग सगळीकडे एकाच वेळी कसे? हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. तयार झालेला भुंगेरा जमिनीत निपचित पडून पावसाची वाट पाहतो. पाऊस ज्या ज्या शिवारात पडला, तिथले भुंगेरे बरोबरच वर येतात. वळीव एका गावाला पडून दुसऱ्याला चुकला, तर तिथे ते मागाहून निघतात.

हा नियम जगभर दिसतो. कॅनडात लिंक्स नावाच्या रानमांजराची संख्या सुमारे 10 वर्षांच्या फेऱ्याने वाढते नि घटते. तीही दूरदूरच्या भागांत जवळजवळ एकदमच. 1953 साली मोरान या शास्त्रज्ञाने कारण सुचवले : जनावरांची वाढ-घट एकाच रीतीने होत असेल आणि हवामानही सारखेच मिळत असेल, तर ती लांब राहूनही एका तालात चालतात.

यातून आपण काय घ्यायचे? कीड सगळ्याच गावांत वाढली, तर हवामानाचा हात असण्याचा संभव मोठा. एकाच शेतात वाढली, तर आपल्या बांधाआत पाहा : कच्चे शेणखत घातले होते का? नांगरट राहिली का?

आणि भुंगेरे एकदम निघतात, ही आपल्या फायद्याचीच गोष्ट आहे. पहिल्या पावसापासून तीन-चार आठवडे रोज अंधार पडल्यावर फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. मादी अंडी घालण्याआधीच हे झाले पाहिजे. नंतर अळ्या ऊस, भुईमूग, बटाट्याची मुळे नि गड्डे खातात. ऑगस्ट-सप्टेंबरात पीक वाळू लागले, की उपाय महाग पडतो.

एकट्याने वेचून भागत नाही. शेजारच्या बाभळीवरचा भुंगेरा तुमच्याच उसात अंडी घालील. तेव्हा पाऊस पडताच शिवारातल्या सगळ्यांनी एकाच संध्याकाळी बाहेर पडा. कीड एकजुटीने येते. आपणही तसेच निघू या!