ऑक्सिजन घटला की पेशी काय करते?

ऑक्सिजन कमी पडलेली पेशी केवळ तग धरून बसते, असे मानले जाते. प्रत्यक्षात तिच्यातील शेकडो जनुकांचे काम बदलते. यात जनुकांची रचना बदलत नाही. डीएनए तोच राहतो, फक्त त्यातील कोणता भाग किती वाचला जाईल हे नव्याने ठरते. हे ठरवण्यात मुख्य वाटा 'हिफ' या प्रथिनाचा असतो. अल्फा आणि बीटा असे त्याचे दोन घटक असतात.

ऑक्सिजन घटल्यावर पेशी हिफ तयार करू लागते, हा समज सर्वांत रुजलेला, आणि तो मुळातच उलटा आहे. अल्फा घटक ऑक्सिजन मुबलक असतानाही सतत तयार होतो आणि काही मिनिटांतच मोडलाही जातो. प्रोलिल हायड्रॉक्सिलेज ही विकरे ऑक्सिजन वापरून अल्फामधील दोन प्रोलीनवर हायड्रॉक्सिल गट बसवतात. त्यासाठी त्यांना लोहही लागते. ही खूण व्हीएचएल नावाचे प्रथिन ओळखते, मग अल्फावर युबिक्विटिन हे छोटे प्रथिन जोडले जाते आणि प्रोटिएझोम ही पेशीतील यंत्रणा अल्फाचे तुकडे करते. ऑक्सिजन घटला की खूण पडेनाशी होते. अल्फा साचतो, केंद्रकात शिरून बीटाशी जोडी जमवतो आणि डीएनएच्या ठरावीक जागांना चिकटतो. सतत बनवून सतत मोडणे वरवर उधळपट्टी वाटते. पण संकटात नवे प्रथिन घडवण्यात वेळ दवडावा लागत नाही, मोडणे थांबले की पुरते. जीवशास्त्रातील अत्यंत देखण्या रचनांपैकी ही एक आहे. तिच्या उलगड्यासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ऑक्सिजनची जाण फक्त मेंदूला किंवा फुप्फुसांना असते, हेही खरे नाही. मानेतील कॅरोटिड बॉडी रक्तातील ऑक्सिजन घटल्याचे ओळखते आणि काही सेकंदांत श्वासाचा वेग वाढतो. हिफची यंत्रणा मात्र शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते आणि तिचे परिणाम तास-दिवसांत दिसतात. मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढून लाल पेशींची निर्मिती वेग घेते, ऊतींत नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पेशी ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडण्यावर भर देते.

लाल पेशी जितक्या जास्त तितके ऑक्सिजन कमी असलेल्या उंच प्रदेशात बरे, हा समज तिबेटी लोकांमुळे खोटा ठरतो. त्यांच्यात 'इपास-1' या जनुकाचे एक खास रूप आढळते. या जनुकापासून हिफचाच एक अल्फा घटक बनतो. या रूपामुळे चार हजार मीटरवर राहूनही त्यांचे हिमोग्लोबिन बेसुमार वाढत नाही आणि रक्त दाट होण्याचा धोका टळतो. हे रूप त्यांच्याकडे डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आले.

हिफ नेहमी हितकारकच, असेही नाही. व्हीएचएल जनुक बिघडले की ऑक्सिजन भरपूर असूनही अल्फा साचतो. मूत्रपिंडाच्या एका कर्करोगात हेच घडते आणि गाठीला रक्तवाहिन्यांचा पुरवठा वाढतो. अशा गाठींवर हिफला रोखणारे बेल्झुटिफान हे औषध 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातील रक्तक्षयात नेमके उलटे हवे असते. तिथे प्रोलिल हायड्रॉक्सिलेज थोपवून हिफ टिकवले जाते. भारतात 2022 मध्ये मंजूर झालेले डेसिडुस्टॅट हे औषध याच गटातले.