सामाईक रानातली रीत
(द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा)

'शिकार' हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर बहुधा दोन चित्रे उभी राहतात. एक जुन्या काळचे, मचाणावर बसलेल्या साहेबाचे आणि खाली पडलेल्या वाघाचे. दुसरे आजच्या वर्तमानपत्रातले, वनखात्याने पकडलेल्या आरोपीचे. पण या दोहोंच्या मागे एक तिसरे चित्र आहे व ते फारसे कुणी पाहिलेले नाही. एकच रान, त्या रानावर पोट असलेली चार जातींची, पाच गावांची माणसे, आणि त्यांनी एकमेकांशी वागण्याची ठरलेली रीत. या लेखात त्या रीतीविषयी थोडे सांगावयाचे आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीवर बंदी आली आणि ती योग्यच आहे. शिकार पुन्हा सुरू व्हावी असे मला मुळीच सुचवायचे नाही. मला कुतूहल आहे ते त्या माणसांच्या आपसातील वागणुकीचे. त्याला कारण गेल्या वर्षीचा एक प्रसंग.

माझे आजोळ आदिलाबाद जिल्ह्यात, बेला मंडलात आहे. पलीकडे पैनगंगा, तिच्या पलीकडे महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि दोन्हींत भांडता येते असा आमचा मुलूख. तिकडे रानडुकरांचा त्रास फार. रात्रीतून एकराचे पीक लोळवतात. गेल्या वर्षी शेजारच्या एका शेतकऱ्याने कंटाळून धुऱ्यावर उघडी तार ओढली व रात्री तिच्यात करंट सोडला. कुणाला सांगितले नाही. पहाटे मामाचा एक बैल दावे तोडून तिकडे गेला आणि जागीच मेला. मामा संतापून भांडायला गेले नाहीत. ते नुसते धुऱ्यावर बसून राहिले. माझे आजोबा तेवढे म्हणाले, "एक शब्द सांगतला असता त बैल दावनीले राह्यला असता."

आजोबांच्या तरुणपणी, म्हणजे बंदीच्या आधी, गावात फासे लागत, खड्डे खणले जात, हाकाही होई. मी त्यांना विचारले, तेव्हा असे अपघात होत नसत काय? त्यावर त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

आम्हां वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध दाखला शिकवतात. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो १९६८ साली मांडला. एक सामाईक कुरण आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो की आपण एक जनावर जास्त सोडले तर त्याचा सगळा फायदा आपला, आणि कुरणाचे होणारे नुकसान मात्र सर्वांत वाटले जाणार. सगळेच असा हिशेब करतात आणि कुरण उजाड होते. तात्पर्य असे की जे सर्वांचे ते कुणाचेच नाही. हिशेब बिनचूक दिसतो. पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही. ते गुराखी एकमेकांशी कधी बोलतच नाहीत!

खरीखुरी माणसे बोलतात, आणि याचा उत्तम दाखला आपल्या महाराष्ट्रातच सापडतो. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी पश्चिम महाराष्ट्रातील तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिरमल नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी या त्या तीन जमाती. नंदीवाला आपण सर्वांनी पाहिला आहे. दारात नंदीबैल आणून "पाऊस पडेल का?" असे विचारतो व बैल मान हलवतो. वैदू जडीबुटी विकतो. फासेपारध्याचा धंदा त्याच्या नावातच आहे. तिघेही एकाच कोरड्या, माळरानाच्या मुलखात फिरत आणि तिघांच्याही चुलीला शिकारीचा आधार होता. मग तंटे का होत नसत?

उत्तर असे की तिघांनी रान वाटून घेतले होते, पण जमिनीवर रेघ मारून नव्हे. नंदीवाले कुत्री घेऊन शिकार करीत. रानडुक्कर, साळिंदर, घोरपड ही त्यांची शिकार. वैदू सापळे लावीत व त्यांत मुंगूस, ऊदमांजर, रानमांजर असली लहान जनावरे धरीत. शिवाय ओढ्यानाल्यांतील कासवे व खेकडे. फासेपारधी फासे मांडून हरणे पकडीत आणि मोर, तित्तिर, लावे असे पक्षीही. हरणांच्या कळपाजवळ जाताना ते शिकवलेल्या गाईच्या आडून जात. म्हणजे एकाच माळावर तिघे आले तरी एकाचे ताट दुसऱ्याच्या पुढ्यातले नसे. ज्याचे साधन वेगळे, त्याचे जनावरही वेगळे.

ही झाली जातीजातींमधील वाटणी. एकाच जातीतील कुटुंबांमध्ये मुलूख वाटलेला असे. दुसऱ्याच्या मुलखात घुसणारा जातपंचायतीपुढे उभा राही. तिरमल नंदीवाल्यांचे ठाणे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील वडापुरी येथे. वर्षभर विखुरलेली ही मंडळी दर तीन वर्षांनी तेथे जमत. लग्ने ठरत, पंचायत बसे व तंटे तोडले जात. मला विशेष गंमत वाटली ती ही की हे नंदीवाले मूळचे आंध्राकडचे. घरात तेलुगू बोलतात आणि दारोदार मराठी. अगदी आम्हां आदिलाबादकरांसारखे!

आणखी एक नियम फासेपारध्यांचा. फाशात पाडस किंवा गाभण हरिणी सापडली तर ते तिला सोडून देत. वरवर पाहता ही दया वाटेल, आणि असेलही. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर ते भांडवलाला हात न लावणे आहे. व्याज खावे, मुद्दल राखावे, हे आपण पुस्तकांत वाचतो. त्यांनी ते फाशाच्या दोरीवर शिकले होते.

आता आजोबांनी सांगितलेल्या दोन गोष्टी. पहिली, सांगण्याची रीत. ज्याने फासा किंवा खड्डा केला त्याने संध्याकाळी पारावर येऊन ते सांगायचे: अमक्या नाल्याच्या अमक्या बाजूला जनावरे सोडू नका. शिवाय पायवाटेवर हिरवी डहाळी मोडून आडवी टाकायची. परगावचा माणूस असला तरी ती डहाळी पाहून वळसा घेई. हे वाचून कुणाला नवल वाटू नये. आपण एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो तेव्हा दुसरे काय करतो? त्या रुमालाला कुलूप नसते. तरी चार अनोळखी माणसे तो पाहून पुढच्या बाकाकडे वळतात.

दुसरी, वाटपाची रीत. हाक्याला गोंड, कोलाम, आमचे शेतकरी असे सगळेच असत. ज्याचा पहिला घाव त्याला मुंडके व एक जादा वाटा. ज्याचे कुत्रे त्याला कुत्र्याचा वाटा. बाकी सर्वांना सारखे. नुसते ओरडत आलेल्या पोरालासुद्धा. भांडण झालेच तर ते घावाविषयी होई, आणि ते मिटवायला सर्वांत वयस्क माणसाचा शब्द पुरे.

आता प्रश्न असा की ही माणसे हे नियम पाळत का? ती आपल्यापेक्षा फार सज्जन होती म्हणून नव्हे. आजोबांनी एका वाक्यात कारण सांगितले: उद्या पुन्हा त्याच पाणवठ्यावर तोंड दाखवायचे असे. ज्याच्याशी जन्मभर गाठ आहे त्याला एकदा फसवून मिळणारा फायदा थोडा आणि तोटा फार.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात समुद्रकिनाऱ्यावरचे कोळी शेवंडाचे पिंजरे पाण्यात सोडतात. समुद्र सरकारी, म्हणजे सर्वांचा. तरी प्रत्येक बंदराच्या मंडळींचा पाण्याचा तुकडा रिवाजाने ठरलेला आहे. परक्याने तेथे पिंजरा टाकला तर मंडळी लगेच तो तोडत नाहीत. आधी त्याच्या तरंगत्या खुणेला दोरीची गाठ मारून ठेवतात. या गाठीचा अर्थ 'आम्ही पाहिले आहे, उचलून घे'. न उचलल्यास मग मात्र दोर कापला जातो. जेम्स अ‍ॅचेसन या अभ्यासकाने १९८८ च्या आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडले आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरचे असे दाखले जमवून १९९० साली दाखवून दिले की सामाईक वस्तू वापरणारे लोक स्वतःच नियम करू शकतात आणि ते टिकवूही शकतात. मात्र त्यासाठी हद्द स्पष्ट हवी, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत, एकमेकांवर नजर हवी आणि शिक्षा हलकीपासून चढत जाणारी हवी. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनी घातलेल्या या अटी वडापुरीच्या पंचायतीशी ताडून पाहाव्यात. फारसा फरक दिसत नाही.

मग ही रीत मोडली कशी? एका दिवसात नाही. प्रथम रानाची मालकी गेली. राखीव जंगलाच्या खुणा उभ्या राहिल्या आणि काल जे सर्वांचे होते ते सरकारचे झाले. आमच्या जिल्ह्यात या दुखण्यातूनच कुमरम भीम उभे राहिले आणि १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांशी लढताना पडले. ज्याला उद्या हुसकावले जाणार आहे त्याने पाडस कुणासाठी सोडावे? दुसरे, माणसांचीच पत गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि पारध्यांनाही त्याची झळ बसली. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून पुरता गेलेला नाही. तिसरे, माळ नांगराखाली आले, बंदुका आल्या, जीपगाड्या आल्या. जीपमधून रात्री येऊन बत्तीच्या उजेडात हरिण मारून जाणाऱ्याला उद्या पाणवठ्यावर कुणाला तोंड दाखवायचे नसते. जनावरे संपत आली, आणि मग कायदा येणे भागच होते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. जुनी रीत सर्वांना न्याय देणारी होती असे नव्हे. कुणी काय मारावे हे जन्मावरून ठरत होते, आणि पंचायतीत बायकांच्या शब्दाला किंमत किती होती हे आपण जाणतोच. ती जशीच्या तशी परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. पण तिच्यातील गाभा, म्हणजे आपल्या कृतीची खबर शेजाऱ्याला देणे, तो आजही उपयोगाचा आहे.

नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे ग्रामसभा सर्वांच्या संमतीने निर्णय घेते आणि तीत बायकाही बसतात. आमच्याकडे मोहफुलांच्या दिवसांत मला याचीच लहानशी प्रतिमा दिसते. चैत्राच्या आसपास पहाटे फुले गळतात. ज्या घराने झाडाखालचा पाचोळा झाडून जागा स्वच्छ केली, त्या घराची ती फुले. दुसरे कुणी त्या जागेत वाकत नाही. कागद नाही, शिपाई नाही. झाडलेली जमीन हीच सही.

याच्या उलट ती विजेची तार. आजोबांच्या फाशाला डहाळीची खूण होती, तारेला काहीच नाही. ती डुक्कर ओळखत नाही, बैल ओळखत नाही, पहाटे पाण्याच्या पाळीला निघालेला माणूसही ओळखत नाही. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातील वाघ पैनगंगा ओलांडून आमच्या बाजूला येतात. त्यांनाही ती ओळखत नाही. अशी तार लावणे कायद्याने गुन्हा आहे. पण माझ्या मते कायद्याच्या आधीच ती रानाच्या पहिल्या नियमाचा भंग करते: तू काय मांडले आहेस ते सांग.

मामांच्या बैलाचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. चार दिवसांनी तो शेतकरी स्वतःच घरी आला. बसला, चहा घेतला नाही. बैलाची अर्धी किंमत सुगीला देईन म्हणाला व ती दिली. तार त्याने काढली. आता त्या दोन शेतांत मिळून रात्रीची राखण करतात. एक रात्र मामा, एक रात्र तो. डुकरे अजून येतात आणि पीक अजून थोडे जाते. पण संध्याकाळी दोघे धुऱ्यावर उभे राहून बोलतात, आणि आजोबांच्या मते रानाची राखण तेथूनच सुरू होते.