दात काळा झाला, कीड थांबली

पेणजवळच्या कातकरी वाडीतली अंगणवाडी. दंतवैद्यांची खुर्ची नाही, ड्रिल मशीन नाही. डॉक्टर आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल आईच्या कमरेला पाय घालून मागे झुकतं, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. रडलं तरी चालतं, रडताना तोंड आपोआप उघडतं.

आधी वरचा ओठ उचलायचा. कीड बहुधा वरच्या पुढच्या चार दातांपासून सुरू होते. खालच्यांना जीभ आणि लाळ राखते. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ असेल तर फ्लोराइड वार्निश आणि नीट घासणं यांनी दात सावरतो. खड्डा पडला असेल तर ओठांना व्हॅसलिन, बाजूला कापसाची सुरळी, दात कोरडा, आणि 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड बारीक ब्रशने मिनिटभर. सुई नाही. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेला भाग कठीण करतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

पण खड्डा कायमचा काळा पडतो. एका आईने लेकराला जवळ ओढलं, "दात काळा करताय व्हय?" डॉक्टर म्हणाल्या, "ताई, काळा आणि टणक झाला की कीड थांबली. मऊ राहिला तर खात जाईल." हे बोलणं औषधाआधीच व्हायला हवं, नंतर सांगितलं तर विश्वास जातो.

दुधाचे दात पडणारच, हे सगळीकडे ऐकू येतं. मात्र दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावायला लागतात. त्यांच्यामागे सहाव्या वर्षी कायमची दाढ येते, कोणताही दात न पडता, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. तिथे रात्रीचा ब्रश आईनेच फिरवावा; तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. रात्रीची गोड दुधाची बाटली आणि चहात बुडवलेलं बिस्किट कमी करणं मला त्याहून अवघड वाटतं, कारण ते भुकेशी जोडलेलं आहे.

हिरडीवर गळू असेल किंवा रात्री ठणका लागत असेल तर दात काळा करणारं हे औषध चालत नाही. पेण किंवा रोह्याचं सरकारी रुग्णालय गाठावं लागतं. डोंगरातल्या वाडीवरून त्यात एका दिवसाची मजुरी बुडते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा ठरलेली आहे, आणि दातांची कीडही त्यात येते. औषधाचा दुसरा हातही साधारण सहा महिन्यांनीच हवा. पण दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. वेळापत्रक भट्टीच्या हंगामावर बेतावं: पहिला हात जूनमध्ये, दुसरा थोडा लवकर, दिवाळीआधी, बिऱ्हाड हलण्यापूर्वी.