भोपळ्याची भाजी आणि वाईन: रुचीचा थोडा विचार

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत नोकरी करणारी मंडळी आम्हाला हल्ली एक प्रश्न विचारतात. घरी जर्मन किंवा कोरियन सहकारी जेवायला येणार, तो येताना वाईनची बाटली आणणार, आणि आपल्याकडे तर लाल भोपळ्याची भाजी! मग बाहेरून चीज-बिज मागवायचं का? प्रश्न वाईनचा वाटतो, पण आहे आपल्याच जेवणाच्या संकोचाचा. मागवू नका. भोपळ्याला वाईन जुळते. कोणती आणि का, एवढंच आपण बघू.

'ज्याची त्याची आवड' म्हणून हा विषय झटकता येत नाही. डेव्हिड ह्यूमने 1757 मध्ये रुचीच्या निकषावर निबंध लिहिला, त्यात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट आहे. दोन जाणकार एकाच पिंपातली वाईन चाखतात. एक म्हणतो चामड्याचा वास येतो, दुसरा म्हणतो लोखंडाचा. लोक हसतात. पिंप रिकामं केल्यावर तळाशी चामडी वादी बांधलेली किल्ली सापडते! म्हणजे रुची आपल्या जिभेवर असली, तरी तिचं कारण पिंपात असतं. त्यामुळे तिच्यावर वाद घालता येतो.

आता आपले षड्रस घ्या. संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत हा घोटाळा झालाच आहे, ते असो. आपल्या कामाचा रस कषाय, म्हणजे तुरट. लाल वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीबियांतून उतरलेला तुरटपणा असतो. भोपळा मुळात गोडसर, वर आपण गूळ घालतो. घास गोड असला की त्यावर घेतलेली कोरडी वाईन आणखी आंबट, आणखी तुरट लागते. म्हणून वाईन निदान घासाइतकी तरी गोड हवी. शिवाय मिरचीची आग मद्यार्काने वाढते, तेव्हा तिखट भाजीवर कडक लाल वाईन नकोच.

मेथीदाण्याच्या फोडणीच्या, गूळ घातलेल्या भाजीला नाशिकची किंचित गोडसर शेनिन ब्लाँ आम्हाला सर्वांत योग्य वाटते. भरताचं गणित वेगळं. त्यात दही आणि फेसलेली मोहरी. आंबट घासासमोर कमी आंबट वाईन पाणचट लागते, तिथे सोव्हिन्यों ब्लाँ चालते. दुधीच्या साध्या भाजीलाही तीच. वऱ्हाडी बाकर भाजीत खसखस-खोबरं असतं, ती जड. तिला रोझे द्या. घारग्यांना मात्र लेट हार्वेस्टच, म्हणजे वेलीवर जास्त दिवस ठेवून गोडी वाढलेल्या द्राक्षांची. बाकी कुठलीही वाईन घारग्यांपुढे व्हिनेगरसारखी लागेल.

लाल वाईन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची! चिंचवडच्या एप्रिलमध्ये बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

आणि वाईन परकी म्हणाल, तर चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की नारायणगाव लागतं. तिथे शामराव चौगुले यांच्या इंडेजने 1980च्या दशकातच फसफसणारी वाईन बनवून 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी पाठवली. उलट लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. ताटातला पाहुणा खरं तर तो आहे!